घरटी एक माणूस

खारशिवणे, ता. अलिबाग
४ मे २०२४

प्रिय कोकिळाताई,

पोहोचले. फोन का नाही केला म्हणून चिडली असशील. या गावात रेंज फक्त खाडीकडच्या बांधावर येते, आणि तिथं वारा इतका की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. शिवाय मी मोकळी असते तेव्हा तू कंपनीत, आणि तू मोकळी असतेस तेव्हा घोरत. म्हणून हे पत्र.

आधी तुला हवं ते सांगते. होय, स्टायपेंड मिळणार आहे, दर महिन्याला थेट खात्यात. तुझ्या हट्टापायी मी दोन फुकटच्या इंटर्नशिप सोडल्या तेव्हा वर्गातल्या मुली हसल्या होत्या. आता त्याच विचारतात, तुमच्या संस्थेत अजून जागा आहे का गं.

संस्थेचं काम खारजमिनीवर चालतं. खाडीच्या कडेची ही जमीन एके काळी पाण्याखाली होती, गावानं बांध घालून ती भातासाठी मिळवली. मला घरोघर जाऊन माहिती घ्यायची आहे, विहिरींचं पाणी तपासायचं आहे आणि बांधाचा नकाशा करायचा आहे. आमचे प्रमुख शुभम सर अलिबागहून अधूनमधून येतात. मी राहते येसूबाईंकडे. त्या एकट्याच असतात, मुलगा अल्पेश उरणला ट्रेलर चालवतो. त्यांना शेत नाही.

ताई, मी आपल्या माणगावच्या डोंगराकडची मुलगी. पाणी वरून खाली येतं एवढंच मला माहीत. काल भरतीच्या वेळी बांधावर उभी राहिले तर एका हाताला खाडी अगदी पायाशी आलेली, आणि दुसऱ्या हाताला शेतं, त्या पाण्यापेक्षा खाली. घरंही खाली. मधे सिमेंट नाही, लोखंड नाही, नुसता चिखल. कुणी घातला म्हणून विचारलं तर येसूबाई म्हणाल्या, "आमच्या मानसांनी." कधी घातला? "कवापासून घालताव, बाय." मला तिथं भीती वाटत होती आणि खाली उतरावंसंही वाटत नव्हतं. अख्खं गाव समुद्राच्या पातळीखाली भात पिकवतं, जेवतं, झोपतं, आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही.

तुझी,
मृणाल

माणगाव
७ मे

चि. मृणालला ताईचा आशीर्वाद.

आज मतदानाची सुट्टी, तीही पगारी, म्हणून बसून लिहितेय. मी घोरते काय, घरी ये मग बघते.

बांधाचं वाचलं. पाणी वर आणि माणसं खाली, हे मला काही झेपलं नाही. तू कडेकडेनं चालू नकोस. नकाशा घरात बसूनही काढता येतो.

स्टायपेंडचं ऐकून बरं वाटलं. आपल्या घरात बायकांनी आयुष्यभर काम केलं आणि त्याला कुणी काम म्हटलं नाही. मी कंपनीच्या पॅकिंगला लागले तेव्हा सहा महिने "ट्रेनिंग" म्हणून फुकट राबवलं होतं. भांडले, चार जणींना घेऊन गेटवर बसले, तेव्हा कुठे पगार सुरू झाला. काका तेव्हा म्हणाले होते, या पोरीला कुणी करून घेणार नाही. नाही घेतलं, माझं काही अडलं नाही. तू एवढं लक्षात ठेव, जो आपल्या कामाचे पैसे देत नाही तो आपल्याला मोजतच नाही. आणि हे फक्त तुझ्यापुरतं नाही. त्या गावातही कुणी कुणाला फुकट राबवत असेल तर गप्प बसू नकोस.

मासे खातेस का तिथं? खा. घरचं कुणी बघत नाही.

तुझी ताई

खारशिवणे
१० मे

प्रिय ताई,

परवा अमावास्येच्या उधाणाला बांध फुटला. इथं त्याला खांड जाणं म्हणतात.

आम्ही दुपारी जेवत होतो. आवाज आला नाही, आधी खाडीचा वास आला, घरात. येसूबाई हातातला घास ताटात ठेवून उठल्या. जाऊन पाहिलं तर नकाशात मी जिथं "बांध मजबूत" असं लिहिलं होतं तिथूनच पाणी आत येत होतं. घाई नव्हती त्याला. एकामागून एक शेत भरत होतं, ऊन पडून चमकत होतं. सुंदर दिसत होतं गं, आणि ते सुंदर दिसतंय याची मला लाज वाटली. माझ्या शेजारी उभी असलेली माणसं पुढच्या तीन-चार वर्षांचा भात बुडताना बघत होती. जमिनीत एकदा खार बसला की पीक येत नाही, विहिरीही खाऱ्या होतात.

बांध सांभाळणाऱ्या सगळ्या घरांच्या गटाला इथं जोळ म्हणतात. धर्मा पाटील त्याचे पुढारी, मी त्यांना धर्माकाका म्हणते. संध्याकाळी देवळात सगळे जमले. खांड बुजवायची ती भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तेव्हा भरती मंद असते आणि पाणी फार चढत नाही. धर्माकाकांनी एवढंच सांगितलं, "घरटी एक मानूस." मी विचारलं, मजुरी किती? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मजुरी नाहीच. श्रीमंत असो की गरीब, दिवसभर चिखलात उभं राहायचं, फुकट.

मला तुझी आठवण आली. मी सरांना फोन केला, बांधावर जाऊन, ओरडून. म्हटलं, संस्था मला पगार देते आणि या बायकांना काहीच नाही, हे बरोबर आहे का? सर म्हणाले, विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आपत्तीसाठी थोडा निधी आहे, त्यातून मजुरी देऊ. आज गावात जाहीर केलं. ताई, माझ्या सांगण्यावरून इतक्या माणसांना मजुरी मिळणार. माझा अजून विश्वास बसत नाही.

मृणाल

माणगाव
१३ मे

चि. मृणाल,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. रतनला रडू आलं, पण तिला कशानंही येतं. मला आलं नाही, मी ते परत पहिल्यापासून वाचलं.

शाबास. मला गेटवर बसून जे मिळवायला महिना लागला ते तू एका फोनमध्ये मिळवलंस. शिकण्याचा उपयोग म्हणतात तो हाच. मजुरी रोजच्या रोज वाटायला सांग, नंतर देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस. आणि बायकांना पुरुषांएवढीच.

ताई

खारशिवणे
१७ मे

प्रिय ताई,

हे पत्र तू कुणाला वाचून दाखवू नकोस.

खांड बुजली नाही. होती त्याहून मोठी झाली, आणि ती माझ्यामुळे झाली.

मजुरी आहे म्हटल्यावर माणसं खूप आली. शेजारच्या गावांतून आली, एक ठेकेदार टेम्पो भरून घेऊन आला. आली नाहीत ती गावातली. ज्यांची माणसं न्हावाशेव्याला, पनवेलला नोकरीत आहेत, ती दर वेळी रजा काढून येतात म्हणे. या वेळी त्यांनी फोनवर सांगितलं, पैसे देऊन माणसं मिळतायत ना, मग आम्ही कशाला? काही घरांनी आपल्या जागी दुसऱ्यालाच पाठवलं. सकाळ हजेरी घेण्यात गेली. कुणाचं नाव राहिलं, कुणाचं दोनदा आलं, त्यावरून बाचाबाची झाली. भांगाला ओहोटी पुरी होते ती भर दुपारी. पाणी सगळ्यात खाली गेलं, खांडीचं तोंड बुजवायची तीच वेळ, आणि बरोबर तेव्हा जेवणाची सुट्टी झाली. सगळे जेवायला बसले. हक्काची सुट्टी होती, ताई, मीच ठरवून दिलेली. धर्माकाका एकटेच पाण्यात उभे होते. त्यांनी कुणालाही हाक मारली नाही.

जेवून लोक उठेपर्यंत भरती फिरली होती. दोन्ही बाजूंनी टाकलेली माती संध्याकाळपर्यंत वाहून गेली, जाताना जुन्या बांधाचाही लचका घेऊन गेली. मजुरी घेऊन माणसं घरी गेली. त्यांची चूक नाही, त्यांनी सांगितलं तेवढं काम केलं.

आता एकच भांग उरलाय, महिनाअखेरचा. त्यानंतर जूनचं उधाण आणि पाऊस. मग दिवाळीपर्यंत इथं माती ठरत नाही. तोवर शेतं आणि विहिरी गेल्याच समज.

मी धर्माकाकांकडे जाऊन माफी मागितली. ते जाळं विणत होते. म्हणाले, "तुजा राग नाय, बाय. पन आता बांधावर पगारी मानूस नको. कोनाचाच." म्हणजे मीही नको. मी संस्थेचा पगार खाते.

ताई, मी त्या दिवसाचा स्टायपेंड सोडला तर? बिनपगारी रजा काढून त्यांच्यात उभी राहिले तर? मला नुसतं काठावरून बघायचं नाही.

मृणाल

माणगाव
२१ मे

मृणाल,

नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला. मजुरी दिल्यानं बांध फुटत नसतो. काम नीट लावलं नाही म्हणून फुटला. जेवणाची वेळ चुकीची ठेवलीत, हजेरीत सकाळ घालवलीत, हे मुकादमाचं काम, त्याचं खापर मजुरीवर कशाला? उद्या आमचे साहेबही म्हणतील, पगार बंद करा, बायका मनापासून काम करतील.

"आपलं काम", "गावाचं काम", "घरचं काम". ही सगळी नावं मी ऐकलेली आहेत. आपली आई घरचं काम करत करत गेली. ज्याची जमीन जास्त त्याचा भात जास्त वाचणार, आणि ज्याला जमीनच नाही तोही तेवढाच चिखल उपसणार. तुझ्या त्या येसूबाईंना शेत नाही असं तूच लिहिलं होतंस. मग त्यांनी कुणासाठी उभं राहायचं? विचार जाऊन त्यांना. फुकट राबवण्याला चांगलं नाव दिलं म्हणून ते चांगलं होत नाही.

स्टायपेंड सोडायचा नाही. एका दिवसाचाही नाही. तुला जमत नसेल तर घरी ये, मी न्यायला येते.

ताई

खारशिवणे
२५ मे

प्रिय ताई,

पौर्णिमेचं उधाण येऊन गेलं. पाणी येसूबाईंच्या अंगणापर्यंत आलं होतं. पायरीवर बसून आम्ही दोघी बघत होतो. ते आलं, थोडं थांबलं, परत गेलं. अंगणात पांढरी रेघ राहिलीय मिठाची.

तुझा प्रश्न मी विचारला. येसूबाईंना एकटीला नाही, देवळात, सगळ्यांसमोर. तुझ्या शब्दांत विचारला, माझ्या शब्दांत धीर झाला नसता. मला वाटलं होतं, भांडण होईल. येसूबाई उभ्या राहिल्या आणि मलाच समजावल्यासारखं बोलल्या, "शेत नाय, पन विहीर तर हाय ना. ती खारी झाली तं मी काय पिऊ? नि उघाडीची मासली कोनाची? आमचीच." उघाडी म्हणजे बांधातला पाणी सोडायचा दरवाजा. तिथं जी मासळी लागते ती फक्त बिनशेतीच्या घरांची, असा जोळीचा नियम आहे. ज्याच्याकडे सगळ्यात जास्त शेत, त्याला तिथं जाळंही टाकता येत नाही. आणि ज्या घराचा माणूस खांडीवर येत नाही त्या घराचा जोळीतला वाटा, मासळीचा असो की शेताच्या पाण्याचा, वर्षभर बंद, मग तो पाटील असो की आणखी कुणी. हे मी माझ्या माहितीत कुठेच लिहिलं नव्हतं, कारण कुणाला विचारलंच नव्हतं. मी फक्त मजुरी विचारली होती.

काम लावण्यात चूक झाली हे तुझं खरं आहे. पण ताई, काम लावणारा इथं कुणी नसतोच. मला अजून नीट कळलेलं नाही, म्हणून तुझ्याशी वाद घालत नाही.

मजुरी मागे घेतली. ते सांगायला घरोघर मीच गेले. शेजारच्या ठमीआजीनं मला दारातूनच परत पाठवलं. नोकरीवाल्यांना बांधावर जाऊन फोन केले. किती येतील ते धर्माकाकाही सांगत नाहीत. अल्पेशला रजा मिळत नाही. म्हणजे येसूबाईंच्या घरचा माणूस नाही, त्यांचा गुडघा धरलाय. वर्षभराची मासळी जाईल. त्या देवळात म्हणाल्या, ही माझ्या घरची. धर्माकाका म्हणाले, पगारी नसली तर.

सर रजा द्यायला तयार आहेत. मी अडलेय ती तुझ्यापाशी. तुझ्याशी भांडून मला तिथं उभं राहायचं नाही. भांगाच्या आधी उत्तर पाठव. एका शब्दाचं पाठवलंस तरी चालेल.

मृणाल

माणगाव
८ जून

चि. मृणालला ताईचा आशीर्वाद.

परवा अमावास्येचं उधाण येऊन गेल्यावर फोनवर तू "ताई, पाणी थांबलं" एवढंच म्हणालीस आणि पुढचं सगळं वाऱ्यात गेलं. मी तशीच कानाला फोन लावून बसले होते. रतननं विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी गेलं नाही, राहिले सगळे.

भांगाच्या दिवशी तिथं बोलता आलं नाही. लोक होते, मग माझी शेवटची गाडी होती. आणि एक गोष्ट अशी, की तू खाली चिखलात होतीस, तुला ते दिसलं नसणार. मी वरून बघितलं. म्हणून लिहिते.

तुझ्या पत्राला उत्तर पाठवलं नाही, कारण मला तुला न्यायला यायचं होतं. खरं तेच सांगते. वडखळपर्यंत एसटीत मी मनात तुझ्याशी भांडत होते. पुढे रिक्षावाल्यानं गावात सोडलं तर गावात कुणी नाही. घरं उघडी, चुली विझलेल्या, एका ओट्यावर कोंबड्या. मी बांधाच्या दिशेनं चालत गेले आणि वर चढले.

मृणाल, मी इतकी माणसं एकत्र आणि इतकी गप्प कधी पाहिली नव्हती. आमच्या कंपनीत दहा जणी एका टेबलाला असल्या तरी गलका होतो. इथं शेतापासून खांडीपर्यंत रांग, बायका, पुरुष, शर्ट-पॅंट चिखलात बरबटलेले नोकरीवाले, आणि मातीचे गोळे हातातून हातात चाललेले. मुकादम नाही. शिट्टी नाही. मी मुकादम शोधत होते, खरंच शोधत होते, कारण इतकं काम कुणी लावल्याशिवाय होत नाही हे मी तुला लिहिलं होतं. धर्मा पाटील दिसले, तेही रांगेत. त्यांच्या हातातही गोळाच होता.

आणि मग ते तोंड. दोन्ही बाजूंनी बांध पुढे आलेला, मधे दारापेक्षा थोडी रुंद जागा, आणि तिच्यातून शेतातलं पाणी खाडीकडे धावत होतं. तिथं माती टिकत नव्हती. टाकली की गेली. तेव्हा काही माणसं न बोलता त्या पाण्यात उतरली. छातीइतकं पाणी. एकमेकांच्या खांद्यांत हात अडकवून आडवी उभी राहिली, पाठीशी पेंढ्याचे भारे, आणि पाणी अडलं. माणसांवर अडलं. त्यांच्या मागे बाकीचे माती भरत गेले. त्यांच्यात दोन बायका होत्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांचे चेहरे मला दिसत होते. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं, पाण्याची वाट बघणाऱ्या माणसाचे असतात तसे साधे चेहरे होते. मी होते तिथंच बांधावर बसले. मी देवळात जाते, हात जोडते, पण मला तिथं कधी असं झालेलं नाही. मला तुझं पहिलं पत्र आठवलं, बांध कुणी घातला आणि आमच्या माणसांनी. मला वाटलं होतं, ती बोलायची पद्धत आहे.

तुला मी ओळखलंच नाही. चिखलानं सगळ्या सारख्याच दिसत होत्या. एकीनं ओढणी जशी कमरेला खोचली होती तशी तू खोचतेस, म्हणून कळलं. म्हणजे माझ्या उत्तरासाठी तू थांबली नव्हतीस. राग यायला हवा होता. आला नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण तुला वाटतं तसं ते झालेलं नाही. तू सगळ्यांना सांगत होतीस, ताई माझ्यासाठी उतरली. तुझ्यासाठी नाही उतरले. तुझ्यापासून लांब, वरच्या टोकाला, एका बाईला उन्हानं चक्कर आली, ती बाजूला झाली. तिच्या अलीकडच्या माणसानं गोळा पुढे केला आणि तिथं कुणीच नव्हतं. तो तसाच हात पुढे करून उभा, मागची रांग थांबायला आली. मी घेतला. कशाला, कुणासाठी, किती वेळ, काही विचारलं नाही. तो इतका जड आणि गार होता. पुढच्या बाईनं हात पुढे केलाच होता, मी दिला. तोवर दुसरा आला. भरती लागेपर्यंत मी चपलाही काढल्या नव्हत्या.

पाण्यातली माणसं एक एक करून बाहेर ओढली आणि शेवटची फट बुजली तेव्हा कुणी ओरडलं नाही, टाळ्या नाहीत. सगळे वाकून बघत राहिले, कुठून झिरपतंय का. मग खाडी चढायला लागली. चढली, बांधाला लागली, आणि तिथंच राहिली. या बाजूला मी उभी, त्या बाजूला ती.

तेव्हा धर्मा पाटील माझ्यापाशी आले. "कंच्या घरची?" येसूबाई काठावरून म्हणाल्या, माझ्याच. ते म्हणाले, एका घरच्या दोन? मग विचारलं, "पगारी हाय का?" मी म्हटलं, आहे, पण आजचा कापतील. ते हसले. त्यांचे दात तेवढे पांढरे दिसले.

आता नीट ऐक. माझं मत बदललं असं समजू नकोस. संस्थेकडून तुझा स्टायपेंड हक्कानं घे, पुढच्या वर्षी जिथं जाशील तिथंही घे, आणि फुकट राबवणाऱ्याशी मी अजूनही गेटवर बसेन. फक्त इतके दिवस मला वाटायचं, काम दोनच प्रकारचं असतं, पगाराचं आणि फुकटचं. तिथं मी जे बघितलं ते या दोन्हींत बसत नाही, आणि त्याला काय म्हणायचं ते मला येत नाही. तुझ्या अहवालात तू काहीतरी लिहिशीलच. लिहिलंस की मला वाचायला दे.

तिथून आल्यावर दुसऱ्या दिवशी कंपनीत गेले. इतक्या वर्षांत न सांगता कधी दांडी मारली नाही म्हणून साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, कोकिळा, काल कुठे होतीस? डॉक्टर, लग्न, मयत, काहीही सांगता आलं असतं.

मी म्हटलं, कामावर होते.

तुझी ताई